पिकअपमधला नवरदेव

पिकअपखाली पाठीवर सरकत जायचं, तासन्‌तास काम करायचं आणि बाहेर येताना अंगातला पांढरा शर्ट पांढराच ठेवायचा, ही करामत मी एकाच माणसाला जमलेली पाहिली आहे. आमच्या मरोळच्या गाळ्यात त्याला सगळे नवरदेव म्हणत. हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलं. अण्णांचा घाटकोपरला मंडप-डेकोरेशनचा धंदा, त्यामुळे नवरदेव त्यांनी ढिगाने पाहिलेले. याला पहिल्यांदा बघून ते म्हणाले, "हा काय बोहल्यावरून उठून गॅरेजात आलाय?"

"शर्ट मळला म्हणजे माणूस आत चाचपडत होता, काका," याचं उत्तर तयारच. अण्णा खूश झाले. मी शेजारीच उभा होतो, कोपरापर्यंत ग्रीस लागलेला, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

वास्तविक आम्ही दोघं बरोबरीचे. कुर्ल्याला एकाच उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलो आणि भागीदारीत हा गाळा घेतला. पिकअपचे कंपनीने दिलेले पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी, आणि शॉकअप काढून बाजारातले दणकट बसवायचे, हे आमचं मुख्य काम. पाण्याचे जार नेणारे, मासळीवाले, फर्निचरवाले, सगळे यायचे. गाडीतून उतरले की पहिला प्रश्न, "नवरदेव आहे का?"

"मी आहे ना," मी म्हणायचो.

"नको भाऊ, थांबतो."

आणि नवरदेव आत आरशासमोर केसांवरून कंगवा फिरवत असायचा. घाई कधीच नाही. त्याला ठाऊक होतं की गिऱ्हाईक थांबणार. मला तो कंगवा खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटे.

त्याची एक खोड सगळ्या मरोळला माहीत होती. पाटे चढवले की त्यांचे बोल्ट तो सैलच ठेवायचा, गाडी जॅकवरून खाली घ्यायचा आणि मालकाला सांगायचा, "आता तुझा रोजचा माल भर." माल चढल्यावर गाडी जेवढी बसेल तेवढी बसू द्यायची आणि मगच बोल्ट आवळायचे. मी वैतागायचो. माल चढवण्या-उतरवण्यात अर्धा दिवस जायचा.

"अरे, कशाला एवढं नाटक?" मी विचारलं.

"सुन्या, उपाशी माणसाचं माप घेऊन पँट शिवशील का? जेवल्यावर फाटेल ना!" तो म्हणाला. ते वाक्य पुढे आठवडाभर अण्णा येईल त्याला सांगत होते.

मग अण्णांनी स्वतःची पिकअप घेतली. तिचे पाटे मात्र मी एकट्याने बदलायचे ठरवले. नवरदेव त्या आठवड्यात लग्नाला सावंतवाडीला गेला होता, इतरांच्या लग्नाला. एखादी गोष्ट आवडली की अण्णा "झकास!" म्हणत. नवरदेवाला ते कितीदा मिळालं याची गणतीच नाही. मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं. मी जीव ओतून काम केलं, गाडी जॅकवर असतानाच बोल्ट करकचून आवळले, रिकामी गाडी पवईपर्यंत फिरवून आणली. लोण्यासारखी चालली.

मंडपाचं सामान भरल्यावर ती किंचाळायला लागली. एका लग्नघराच्या दारात अण्णांची गाडी शिरली तेव्हा सनईवाल्यांनीही वळून पाहिलं म्हणे. मी ग्रीस भरलं, शॉकअप बदलून पाहिले, पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशांवर तेल सोडलं. आवाज हटेना. नवरदेव परतल्याबरोबर अण्णा मला न विचारता गाडी त्याच्यापुढे घेऊन गेले. त्याने एकही नवीन पार्ट घातला नाही. बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, सगळा मंडप तिच्यात भरायला लावला आणि बोल्ट पुन्हा आवळले. मग लग्नातली ती लाल मखमलीची, सोनेरी हातांची खुर्ची गाडीच्या मागच्या हौद्यात मांडून हा पांढऱ्या शर्टात तिच्यावर बसला आणि मला म्हणाला, "चालव." आवाज ऐकायला तो नेहमी मागेच बसायचा. साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षावाले टाळ्या वाजवत होते आणि हा हात हलवून दाद घेत होता. गाडीने चूंसुद्धा केलं नाही. अण्णा गाळ्याच्या दारातच ओरडले, "झकास!" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढे नवरदेवाने नाशिकला स्वतःचं गॅरेज टाकायचं ठरवलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्याच्या शेवटच्या आठवड्यात अण्णा कुरकुरत आले. लग्नसराईसाठी नवरदेवाने त्यांच्या गाडीला एक जादा पाटा घालून दिला होता आणि तेव्हापासून गाडी थरथरत होती. नवरदेवाने माल भरून, खुर्चीवर बसून ती फिरवायला लावली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि मला गुदगुल्या झाल्या.

"सामान उतरवा," मी म्हणालो. अण्णांना शेजारी बसवून रिकामी गाडी लिंक रोडवर काढली आणि वेग घेताच ती पायाखाली थरथरली. जादा पाट्यामुळे रिकामी असताना गाडी मागून फार वर उठत होती आणि चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडत होता. भरलेल्या गाडीत हे कधी दिसणारच नव्हतं. मी पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लोखंडी पाचरी बसवल्या. गाडी रिकामी फिरवली, भरून फिरवली. दोन्ही वेळा शांत.

गाळ्यापाशी अण्णा खाली उतरले. दोन्ही हात वर करून म्हणाले, "झकास!"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं होतं. पण अण्णांचं तोंड माझ्याकडे नव्हतंच. ते नवरदेवाच्या पाठीवर थाप मारत होते. "झकास शिकवलंस रे याला!"

नवरदेव हसला. 'मी नाही शिकवलं' म्हणाला नाही. फक्त कॉलर सरळ केली.

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. गाळा माझा आहे, पाटी माझी आहे. मी गाडी भरूनही पाहतो आणि रिकामीही. अण्णांकडून मागून आणलेली ती लाल खुर्ची मीच हौद्यात मांडतो आणि बसतो, ग्रीसने माखलेल्या शर्टात. मला बघून कोणी टाळ्या वाजवत नाही. मधूनच त्याची इतकी आठवण येते की मी नाशिकला फोन लावतो. तो उचलतो आणि पहिलं वाक्य, "काकांची गाडी कशी आहे रे?" फोन ठेवला की अण्णांचं पहिलं वाक्य, "नवरदेव बरा आहे ना?"

मी कसा आहे, हे दोघांपैकी एकही विचारत नाही. अंगाचा तिळपापड होतो. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन मीच लावतो.