नागिणीचं वखद

त्या झाडाचं नाव मी इथे लिहिणार नाही. सगळा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या बाईने असं म्हणावं हे हसण्यासारखं आहे, मला कळतं. निवृत्तीला एक वर्ष उरलंय. गुडघे जिन्यापाशी आले की कुरकुरतात, आणि झाडांची नावं लिहून लिहून मला आता त्यांचा वीट आलाय. हे एक नाव मी एकदाच लिहिलं होतं. तेवढंच पुरेसं महागात पडलं.

कॉलेजात बढती हवी तर डॉक्टरेट करा, असं वरून आलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होती. विषय घेतला पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या गावठी औषधांचा. राहते मी डिचोलीत, पण इथल्या रस्त्याकडेच्या झाडांवर खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ इतकी वर्षं बसत आलीय, की पान धुतल्याशिवाय त्याचा रंग सांगता येत नाही. म्हणून पेडण्याकडे जास्त फेऱ्या झाल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी म्हापशाची बस, तिथून पुढची बस, पिशवीत जुनी वर्तमानपत्रं, कात्री आणि छापील फॉर्मांचा गठ्ठा.

फॉर्मात रकाने होते. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, औषध करण्याची पद्धत. खाली संमतीपत्र आणि सहीची जागा. बहुतेक लोक भडाभडा सांगत. एका गृहस्थांनी तर केस गळण्यापासून नवऱ्याची दारू सुटण्यापर्यंत सगळ्यावर एकच मूळ लिहून दिलं. मी तेही इमानदारीने भरलं.

अडलं चोपडे गावच्या काकांपाशी. शापोरा नदीच्या काठी त्यांचं घर, थोडी शेती, थोडी मासेमारी, आणि बुधवारी-रविवारी नागिणीचं वखद. वखद म्हणजे औषध. नागीण म्हणजे कमरेला नाहीतर पाठीला फोडांची माळ उठते आणि आग आग होते, ती. पाल्याचा वाटलेला हिरवा लगदा ते स्वतःच्या बोटाने लावत. पैसे घेत नसत. माणसं नारळ आणि उदबत्ती तुळशीपाशी ठेवून जात. पाला मात्र वाटलेलाच बाहेर यायचा, त्यामुळे ओळखायची सोय नव्हती. नाव विचारलं की काका हसायचे आणि शिनाण्यांना, म्हणजे खडकावरच्या शिंपल्यांना, यंदा काय भाव आहे ते सांगायचे. मला चहा मिळे, पोदेराचा पाव मिळे, नाव तेवढं मिळत नसे.

दोन वर्षं मी अशा खेपा घातल्या. कारण नुसतं शास्त्राचं प्रेम नव्हतं. चोपड्याच्या वखदाशिवाय तुमचा तक्ता अपुरा दिसेल, असं मला पणजीच्या मार्गदर्शकांनी दोनदा ऐकवलं होतं, आणि मला तो प्रबंध एकदाचा हातावेगळा करायचा होता. एका रविवारी मी थकून त्यांच्या बाकावर बसले आणि सरळ म्हटलं, काका, मला खरंच याचा अभ्यास करायचा आहे.

त्यांच्या दोन्ही मुलांच्या टॅक्सी होत्या, मोपच्या विमानतळावर, आणि पाला वाटत बसायला त्यांच्यापाशी वेळ नव्हता, हे मला काकींनी पूर्वीच सांगितलं होतं.

"अभ्यास करतलस?" काका म्हणाले. "बरां जालां. माज्या झिलांक नाका तां."

पुढच्या रविवारी त्यांनी मला उपाशीपोटी यायला सांगितलं. तुळशीपुढे नारळ फोडला, मला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं, एक पान माझ्या तळहातावर ठेवलं आणि कानात नाव सांगितलं. मी मनात टिपून घेत होते, 'नाव सांगण्यापूर्वी छोटासा विधी'. मग मी मेजावर फॉर्म पसरला आणि संमतीपत्र वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं: ही माहिती दिल्याने माझे कोणतेही नुकसान होणार नाही, याची मला कल्पना देण्यात आली आहे. ते फक्त नियमापुरतं आहे, असं मी वर म्हटलं.

"नुकसान कसलां?" काका म्हणाले. "कोणाक तरी दिवंकच जाय." आणि त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

मला तेव्हा काहीही कळलं नाही. परतीच्या बसमध्ये मी आनंदात होते, हे आज लिहायला लाज वाटते.

पान वाळवलं, कागदावर चिकटवलं, खाली शास्त्रीय नाव लिहिलं. पाल्याचा अर्क काढला. आता नागीण होते विषाणूने, आणि विषाणूवर काही तपासायची सोय आमच्या कॉलेजात नव्हती. सोय होती ती बॅक्टेरियांची. म्हणून आम्ही बॅक्टेरियांवर तपासलं. ते काचेच्या बशीत मजेत वाढत राहिले. प्रबंधात मी लिहिलं, लक्षणीय परिणाम आढळला नाही, अधिक अभ्यासाची गरज आहे. तक्त्यात एक ओळ वाढली. मला डॉक्टरेट मिळाली, बढतीही मिळाली, आणि बढतीबरोबर भरायच्या नव्या फायलीही.

काही महिन्यांनी दारात एक बाई उभी. धारगळला हमरस्त्यावर तिचं नारळपाण्याचं दुकान. सोबत नवरा, सदरा अंगाला लागू नये म्हणून पुढे ओढून धरलेला. चोपड्याच्या काकांनी पाठवलंय म्हणाली. वखद आता डिचोलीच्या बाईकडे असतं, असं त्यांनी सांगितलं होतं, वर माझ्या घराची खूणही दिली होती. मी त्यांना चहा दिला आणि त्वचेच्या डॉक्टरचा पत्ता दिला. पुढच्या बुधवारी आणखी दोघं आली. त्यांनी नारळ आणले होते. मी ते परत देऊ लागले तर त्यांची तोंडं उतरली.

रागाने मी चोपडे गाठलं. काका जाळ्याच्या गाठी घालत बसले होते. मी विचारलं, हा काय प्रकार? झाड तुमच्या कुंपणात आहे, पाटा-वरवंटा तुमच्या घरात आहे, मग माणसं माझ्याकडे का?

"आता तां तुजां, बाय," ते म्हणाले. "माज्या हाताक गूण नाय ऱ्हवलो."

मग काकींनी मला समजावून सांगितलं, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. नाव ज्याच्या कानात पडतं त्याच्याकडे वखद जातं. सांगणाऱ्याने नंतर लावलं तरी गूण येत नाही. म्हणून तर ते एवढी वर्षं जपून होते. पण तू म्हणालीस ना, अभ्यास करायचा आहे म्हणून? अभ्यास म्हणजे हात बसवायचा, पुढे चालवायचं. त्यांना वाटलं, आपल्या मागे कुणी नाही, ही एवढ्या लांबून दोन वर्षं येते, हिला द्यावं.

मला वाद घालता आला असता. पण काका खाली मान घालून गाठी मारत होते, आणि बुधवार असूनही अंगणात कुणी नव्हतं. त्या रिकाम्या अंगणाची मला शरम वाटली. नुकसान होणार नाही असं मी त्यांना वाचून दाखवलं होतं. घरी आले आणि माणसांना डॉक्टरकडे पाठवत राहिले. हळूहळू यायची थांबली. मीही चोपड्याला जायचं टाळू लागले.

गेल्या वर्षी, एका रविवारी सकाळी, काकाच आले. दोन बस बदलून, एकटे. बाकाला पाठ न टेकता कडेला बसले तेव्हाच मला कळलं. सदरा वर केला तर पाठीपासून बरगडीखालपर्यंत लाल फोड.

मी आधी त्यांना दवाखान्यात नेलं. गोळ्या लगेच सुरू करायला हव्यात, उशीर बरा नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी गोळी मुकाट्याने घेतली, पाणी प्यायले, घरी आल्यावर पुन्हा सदरा वर केला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. गोळीचं काम गोळी करील, आपलं तू कर, असा त्याचा अर्थ होता.

परसात एका कुंडीत ते झाड होतं. अर्कासाठी आणलेलं, पुढे फेकवलं नाही म्हणून राहिलेलं. पानं तोडली, तीनदा धुतली तेव्हा तांबडं पाणी जायचं थांबलं. वाटली. वाटी घेऊन त्यांच्यामागे बसले, आणि मला कळेना की सुरुवात कुठून करायची. हे मी कधी लिहूनच घेतलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता फॉर्मात. त्यांनी हात मागे नेऊन बोटाने जागा दाखवली. आधी नागिणीचं तोंड, मग शेपटी, मग मधलं अंग. म्हणजे तिला पुढची वाट राहत नाही.

मी बोट लगद्यात बुडवलं. तेवढ्यात त्यांनी मान न वळवता विचारलं.

"नांव कोणाक सांगूक नाय मगे, बाय?"

माझं बोट तिथेच राहिलं. ते नाव प्रबंधात छापलेलं होतं, मराठीत, कोकणीत आणि लॅटिनमध्ये. त्यांची पाठ माझ्यासमोर होती, म्हातारी, सुरकुतलेली, आणि वेदनेने ताठ धरलेली. या लगद्यात काय आहे आणि काय नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पण सांगितलंय म्हटलं असतं तर त्यांच्यासाठी त्यात काहीच उरलं नसतं.

"नाय," मी म्हटलं.

मग लावलं. त्यांचे खांदे सैल झाले. जाताना त्यांनी मला नीट लावलंस म्हणून सांगितलं, आणि पिशवीतून नारळ काढून माझ्या तुळशीपाशी ठेवला.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ग्रंथालयात गेले. माझा प्रबंध खालच्या कपाटात, निळ्या बांधणीत. मागच्या पानावर तारखांचे शिक्के मारायचा कागद असतो, तो कोरा होता. आतली दोन पानं कापताना राहून गेलेली, कडेला अजून जुळलेली होती. पाच वर्षं मी त्यासाठी घासली होती. एकाही माणसाने तो उघडला नव्हता. एरवी मला रडू आलं असतं. त्या दिवशी मी कपाटाला धरून उभी राहिले आणि मला इतकं हायसं वाटलं, की मी खुर्ची ओढून बसलेच. म्हणजे मी खोटं बोलले नव्हते.

ग्रंथपाल बाईंना वाटलं मला बरं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, बरं झालं तुम्हीच आलात, आता सगळे प्रबंध इंटरनेटवर चढवायचे आहेत, कुणीही कुठूनही वाचू शकेल, तुमची तेवढी सही हवी. त्यांनी पुढे कागद केला. संमतीपत्र. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एकेक वाक्य. फक्त नियमापुरतं आहे, त्या म्हणाल्या.

घरी नेऊन बघते, असं सांगून मी तो पर्समध्ये घातला. काका बरे झाले. गोळ्यांनी की आपोआप, मी तपासलेलं नाही. धारगळची बाई आता माणसं पाठवते. मी आधी डॉक्टरकडे जाऊन यायला लावते आणि मग वाटी घेऊन बसते. माझ्यानंतर हे कुणाच्या कानात सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. ग्रंथपाल बाई जिन्यात भेटल्या की सहीची आठवण करतात. कागद पर्समध्येच आहे.