तांबी बसवायचीय

मी जव्हारला नर्स होते तेव्हा आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक चित्र होतं. आई, बाप, दोन पोरं, चौघंही गोरीपान आणि गुबगुबीत. पाड्यांवरच्या बाया बघून विचारायच्या, "ही कुठली माणसं?" मलाही ठाऊक नव्हतं. वर्षभर बोंबलून मी पाच बायांना तांबी बसवली. दवाखान्यासमोरच्या गुलामभाई कल्हईवाल्याच्या बायकोने, शहरबानोने, सहा महिन्यांत पंचवीस पाठवल्या, आणि तिला कुणी टार्गेटही दिलेलं नव्हतं. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

तिचं काम भाता मारायचं. गुलामभाई पातेल्यांना कल्हई करत, गळक्या भांड्यांना नवं बूड बसवत, आणि ही घामाघूम होऊन भाता हलवत गिऱ्हाईक बायांशी गप्पा हाणायची. ही ब्याऐंशी सालची गोष्ट. नसबंदीच्या शिबिरांची धास्ती लोकांच्या मनातून गेली नव्हती. 'ऑपरेशन' शब्द काढला की पुरुष रानात पळायचे. तांबी म्हणजे गर्भपिशवीत बसवायची तांब्याची तार, तिला कापाकापी नाही, तरी शंका होत्याच. ती काळजापर्यंत चढते म्हणे. नवऱ्याला टोचते म्हणे. आणि सगळ्यांत मोठी शंका अशी, की तांब्याच्या भांड्यात आमटी ठेवली तर कळकते, मग पोटात तांबं ठेवलं तर बाई कळकणार नाही का?

यावर माझ्याकडे सरकारी उत्तर नव्हतं. शहरबानोकडे होतं.

"अगं, कळकतं ते आंबटानं. तू काय पोटात चिंच भरून ठेवलीस? माझ्या पोटात तीन साल झाले. कळकले का मी?"

कल्हईवाल्याच्या बायकोला तांब्यातलं कळणार नाही तर कुणाला? बाया मुकाट ऐकायच्या.

दुसरी सोय शब्दातच होती. पाणी प्यायच्या तांब्याच्या भांड्यालाही तांबीच म्हणतात. बाया घरी सांगायच्या, "जव्हारला जाते, तांबी बसवायचीय." सासूला वाटायचं, सून भांड्याला बूड बसवायला चालली. सून खोटंही बोलत नव्हती. ही अक्कल शहरबानोची.

एके दिवशी शिरपामाळाकडच्या पाड्यावरची गोदी आली. चार बाळंतपणं, त्यातल्या दोन मुली जगलेल्या. चौथ्या खेपेला तिचं रक्त थांबेना, मी तर तिला मेलीच समजले होते. तेव्हाच बजावलं होतं, पुन्हा दिवस गेले तर तू वाचायची नाहीस. पण तिच्या नवऱ्याला, मंगळ्याला, मुलगा हवा होता. तो वीटभट्टीवरून परत यायच्या आत गोदी पायी चालत आली आणि टेबलावर आडवी होऊन एवढंच म्हणाली, "बाई, माला जगायचाय."

मी तांबी बसवली.

पंधरा दिवसांनी तिची सासू पारू गुलामभाईंच्या दुकानात येऊन उभी राहिली. मी तिथेच चहा पीत होते.

"सुनेची तांबी दे," पारू म्हणाली.

भाता थांबला. गुलामभाई म्हणाले, "कोणती तांबी? आपल्याकडे तर..."

"तुम्ही गप बसा जी!" शहरबानो खेकसली आणि घरात गेली. बाहेर आली ती स्वतःची माहेरची तांबी घेऊन. काठावर उर्दूत तिचं नाव कोरलेलं. पारूने ती फिरवून पाहिली. नावावरून बोट फिरवलं. उलटी करून खाली टिचकी मारली.

"बूड बरा बसलाय," म्हणाली, आणि तांबी पदराखाली घेऊन गेली.

गुलामभाई दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. मी म्हटलं, "भाभी, म्हातारीला बरी फसवलीस." शहरबानो हसली नाही. तिला त्या तांबीतून पाणी प्यायची सवय होती.

दोन वर्षांनी पारू पुन्हा आली. मागे तिची लेक रुपी होती, कडेवर तिसरं पोर, चेहरा पांढराफटक. तिच्याही मागे गोदी, दोन्ही मुलींना हाताशी धरून, अंगाने चांगली भरलेली. गोदीला बघून मला इतका आनंद झाला की मी तिला ओरडलेच, "तपासायला कधी येणार होतीस गं, भवाने?"

पारूने चिंचेने लखलखीत घासलेली तांबी शहरबानोसमोर ठेवली.

"ही तुझी. आता रुपीला बसव."

"माझी कशी? ही तर गोदीची..."

"आमच्या घरात समदी जर्मनची भांडी," पारू म्हणाली. "तांब्याचा भांडा माझ्या सासूनं पण बघितला नाय. तवा मंगळ्याला कुणीतरी सांगितला, तुझी बायको दवाखान्यात जाऊन तांबी बसवून आली. तो कोयता घेऊन उंबऱ्यात बसला. दाखव म्हणं तांबी. मी त्याला काय दाखवू?"

गुलामभाईंनी चिमटा खाली ठेवला.

"तो तुझा नाव हाय ना?" पारूने काठावर बोट ठेवलं. "मंगळ्याला वाचता येत नाय. बरा झाला."

शहरबानोने ओढणीने डोळे पुसले. मग तांबी उचलली आणि पारूच्याच हातात परत कोंबली.

"ठेव. रुपीच्या नवऱ्याला काय दाखवशील?"

पारूने जरा विचार केला आणि तांबी पुन्हा पदराखाली घेतली. मी रुपीला आत बोलावलं.