शुक्रवारची मालगाडी

नेपाळच्या सीमेवरच्या माल-टर्मिनलचा आराखडा उज्जैनमध्ये, फ्रीगंजातल्या एका दुसऱ्या मजल्यावर तयार होतोय, याची आमच्या नातेवाइकांना फार मजा वाटायची. "काय गं, बॉर्डर आपल्या टावर चौकात आली का?" असं काका प्रत्येक लग्नात चार लोकांसमोर विचारायचे. मी सांगायचे की रोज तिथे राहणाऱ्याला तिथलं काही दिसत नाही. लांबच्याने जावं, मोजावं आणि घरी येऊन काढावं. हे मला तेव्हाही पटायचं आणि आजही पटतं. फक्त मोजलेलं नीट वाचावं लागतं, एवढी भर मी नंतर घातली.

काम सांगायला सोपं होतं. मालगाडीने आलेला माल आपल्या हद्दीत उतरवायचा, यार्डात ठेवायचा, कस्टम्सची तपासणी झाली की ट्रकमध्ये भरून पलीकडे पाठवायचा. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला रस्ता, मध्ये यार्ड. माझ्या आराखड्यात ट्रक गेटातून शिरला की वजनकाटा, तपासणीची शेड आणि थेट सीमा. एकही वळण नाही. तो सरळ रस्ता कागदावर उमटला त्या दिवशी मी स्वतःवर खूश होऊन अख्ख्या ऑफिसला कचोरी खिलवली. माझ्या जबाबदारीवरचं हे पहिलंच काम, आणि मंजुरी देणाऱ्या समितीपुढे मांडायलाही मी एकटीनेच जायचं, असं सरांनी ठरवलं होतं.

सर म्हणजे आमच्या छोट्या कंपनीचे मालक. पक्के माळव्याचे, हिंदीतच बोलणारे. त्यांचा एक नियम होता: नकाशा बाहेर पाठवण्याआधी तो चालून पाहायचा. ज्याला नकाशातलं काही कळत नाही अशा माणसाला ट्रक करायचं, आणि आपण गेट, काटा, कारकून, सगळं व्हायचं. ट्रक कागदावरून पुढे सरकत विचारत राहणार, आता कुठे जाऊ, किती वेळ थांबू, माझ्यापुढे कोण आहे? खालच्या दुकानातले टेलरकाका आमचे ठरलेले ट्रक. हे झालं की सर एवढंच विचारायचे, "चल लिया?" हो म्हटलं की सही. पुन्हा बघायचे नाहीत.

या वेळी मी चाललेच नाही. रस्ता इतका सरळ, त्यात काय चालायचं? शिवाय एवढ्या मोठ्या कामात तो पोरखेळ वाटला. सरांनी विचारलं, "चल लिया?" मी म्हटलं, "हो सर, चल लिया." त्यांनी सही केली आणि नकाशे समितीकडे रवाना झाले.

सभेला चार दिवस होते. घरी पलंगावर नकाशा पसरून मी भाषणाची तयारी करत होते. आई आली. "काय करून राहिली आहेस?" मी म्हटलं, बस, तू ट्रक हो. सराव होईल, एवढाच माझा हेतू. आईने चष्म्याचं घर गेटावर ठेवलं आणि विचारलं, "वार कोणता?"

आईचं हे नेहमीचं. आठवड्यातले निम्मे वार उपासाचे, उरलेले देवळांचे. वार कळल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नाही.

"कोणताही धर गं."

"कोणताही कसा? शनिवार धरते."

चष्म्याचं घर काट्यावरून, शेडमधून डुलत डुलत सीमेपर्यंत आलं आणि थांबलं. "तिकडे आज छुट्टी तर नाही ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि आठवलं. रस्ता मोजायला मी शनिवारीच गेले होते. नेपाळची साप्ताहिक सुट्टी शनिवारची. पलीकडची कचेरी बंद, रस्ता मोकळा. मोजणी पटापट झाली म्हणून मी आईलाच फोन करून नशिबाची तारीफ केली होती. दुसऱ्या दिवशी रविवार, आपली बाजू बंद. दोन्ही सुट्ट्या माझ्या वहीत होत्या, वेगवेगळ्या पानांवर. मालगाडीला मात्र सुट्टी नसते. शुक्रवारी संध्याकाळी उतरलेला माल सोमवारपर्यंत हलणार नाही, आणि शनिवार-रविवारच्या गाड्या त्यावर येऊन पडणार. माझ्या यार्डात एका दिवसाचा माल मावत होता.

"अगं बोल ना," आई म्हणाली, "मी उभी आहे इथे."

घरून ऑफिसपर्यंत चालताना मी भित्र्यासारखा विचार केला, हे कबूल करते. यार्डाचं सांगावं, चालण्याचं सांगू नये. नवी माहिती मिळाली म्हणावं. कोणाला कळणार होतं?

यार्डाचं ऐकताच सरांनी पेन्सिल उचलली. त्यांना अडचण आली की तरतरी येते. "तो फिर सड़क मोड़नी पड़ेगी," म्हणत यार्डाला जागा करायला त्यांनी माझा सरळ रस्ता अर्ध्या मिनिटात वाकवला. तिथेच गप्प बसता आलं असतं.

"सर, मैंने चलकर नहीं देखा था. आपसे झूठ बोला."

पेन्सिल थांबली. कोपऱ्यातल्या स्वतःच्या सहीवरून त्यांनी बोट फिरवलं. "यार्ड तो बढ़ जाएगा," ते म्हणाले. मग पेन्सिल खाली ठेवून, "मीटिंग में तुम ही जाओगी. गलती भी तुम ही बताना."

मी गेले. तुमच्या हातातला नकाशा माझा आहे आणि तो चुकला आहे, हे पहिलंच वाक्य बोलले. मग आम्ही जमलो कशाला, असं एक साहेब तडकून म्हणाले. मी त्यांना शुक्रवारची मालगाडी उतरवून दाखवली. सुट्ट्यांचं कोणी सांगायला हवं होतं यावर त्यांची आपसांत जुंपली, आणि ते थंड होईपर्यंत मला पंधरा दिवसांची मुदत मिळाली होती. दुसऱ्या सभेत नवा आराखडा एका दमात पास झाला. तो पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. मला माझं काम येतं, आणि हे सांगायला मी लाजत नाही.

परत आले तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. पुढच्याच आठवड्यात एका नव्या मंडीचा नकाशा मी त्यांच्या टेबलावर ठेवला. तो मी टेलरकाकांबरोबर दोन तास चालून पाहिला होता; त्यांनी गव्हाचा ट्रक होऊन मला घाम फोडला होता.

"चल लिया?"

"हो सर."

सवयीने त्यांनी पेन उघडलं होतं. माझ्याकडे पाहिलं, टोपण लावलं आणि खुर्ची सरकवून उठले.

"चलो," ते अगदी हळू म्हणाले, "एक बार मेरे साथ भी चल लो."

रागावले असते तर मी भांडले असते, ते मला जमतं. पण त्या मऊ आवाजाने मला रडू आलं. मी ते गिळलं आणि गेटवर बोट ठेवलं.