समोरची खुर्ची

उधव्याच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या गुरुजींची त्यांच्या मूळ जिल्ह्यात बदली झाली आणि माझं बुद्धिबळ बंद पडलं. अकरा वर्षं शाळा सुटल्यावर आम्ही व्हरांड्यात खेळायचो. नियम एकच, डाव चालू असताना उठायचं नाही. उठला तो हरला. समोरचा कितीही वेळ विचार करो, आपण बसून त्याला टोमणे मारायचे. ते गेल्यावर मोबाईलवर खेळून पाहिलं, पण मोबाईलला टोमणे कसले मारणार? खरं सांगायचं तर मला डावापेक्षा समोर बसलेलं माणूस हवं होतं.

म्हणून डहाणूच्या स्पर्धेत नाव घातलं. तलासरी, चारोटी अशा गाड्या बदलत सकाळी हॉलवर पोचलो. पहिल्याच फेरीत समोर आली ती कॉलेजातली एक मुलगी, चांगली रेटिंगवाली, स्पर्धेत पहिलं मानांकन. माझ्या नावापुढे शून्य. हरणार हे ठरलेलंच होतं, त्याचं काही नव्हतं. निदान तासभर कोणीतरी समोर बसेल.

चौथ्या खेळीला मी विचार करायला लागलो, तशी ती उठली आणि दुसऱ्यांचे डाव बघत फिरू लागली. माझं डोकं तापलं. पंचांना सांगितलं, तर ते म्हणाले, स्पर्धेत हे चालतं, तुम्ही खेळून घड्याळ दाबा, त्या येतील. मी खेळलो. ती आली, बसली, क्षणात उत्तर देऊन परत उठली. रिकाम्या खुर्चीसमोर तर मी घरीही बसतो.

मग मी विचार करणंच सोडलं. ती खेळली रे खेळली की माझी खेळी तयार. तिला उठायला सवडच मिळेना. घोडा गेला, हत्ती गेला, पण ती समोर होती. मला बरं वाटत होतं. वीस मिनिटांत मात झाली.

हात मिळवून ती म्हणाली, "काका, एवढी घाई का केलीत? सुरुवात छान होती तुमची. बसा ना, डाव परत लावू. कुठे चुकलं ते दाखवते."

याचसाठी तर मी आलो होतो. पण उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात गेलेला, आणि आता ही पोर माझ्या दाखवणार, हे काही सहन होईना.

"नको," मी म्हणालो, "मला चहा घ्यायचाय."

चहा मी पित्तामुळे केव्हाच सोडलाय. पुढच्या फेरीला पाऊण तास होता. तो मी गेटबाहेर एकटाच उभा राहून काढला.