चारचौघांत न बोलायची भाषा

आज मी कॅनडातल्या या लव्हालमध्ये चार लोकांत उभी राहते ती मस्युंमुळे. मस्यु म्हणजे इकडच्या फ्रेंचमध्ये साहेब. मी त्यांना कायम तेवढंच म्हटलं. नववीत शाळा सुटलेली, फ्रेंच न येणारी, बर्फावर पाय टाकायला घाबरणारी बाई कोण कामाला ठेवणार? त्यांनी ठेवलं. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना मन थाऱ्यावर राहत नाही.

त्यांचं छोटं हॉटेल होतं. काळसर पिठाची, आपल्या धिरड्यासारखी पण परातीएवढी गॅलेट ते करायचे. पीठ पसरताना स्वतःशी पुटपुटायचे. कामाशी बोलणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ते पुटपुटणं ब्रेटनमध्ये, त्यांच्या गावाकडच्या भाषेत असे. माझी गॅलेट फाटली की मला फ्रेंचमध्ये म्हणायचे, "घाई कशाला पोरी, तवा कुठं पळून जातोय?"

माझं फ्रेंच चुकलं तरी ते कधी हसले नाहीत. "मलाही शाळेत मारूनच शिकवलंय," म्हणायचे. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला त्यांचं गाव. एक चर्च, एक बेकरी, बाकी शेतं. घरोघरी ब्रेटन, आणि शाळेत तोंडातून निघालं की शिक्षा. पुढे तरुण पोरं शहरात गेली, दुकानं मिटली. "आता गावात माणसांपेक्षा गाई जास्त," म्हणायचे आणि हसू अर्ध्यावरच सोडून द्यायचे.

पण मारापेक्षा तिथल्या एका रीतीनंच घात केला, असं मला वाटतं. ब्रेटन न येणारं एक जरी माणूस बसलेलं असेल, तर सगळ्यांनी फ्रेंच बोलायचं. नाहीतर तो असभ्यपणा. मस्युंची बायको इकडची, क्युबेकची. तिच्यासमोर ते जन्मभर सभ्य राहिले. मुलीच्या कानावर ब्रेटन पडलंच नाही.

उरली गावाकडची बहीण. दर रविवारी तिला फोन. तेव्हा मस्युंचा आवाजच बदलायचा, लहान पोरासारखे भांडायचे. मग बहीण वृद्धाश्रमात गेली. फोन तिथल्या हॉलमध्ये, आजूबाजूला ब्रेटन न येणाऱ्याही बायका बसलेल्या. हे ब्रेटनमध्ये विचारायचे, ती उत्तर फ्रेंचमध्ये द्यायची. मोबाइल पाठवून पाहिला, तो तिनं ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

"तुम्ही सांगा ना तिला, बोल म्हणून," मी म्हटलं.

"काय सांगू? या वयात असभ्य हो?"

त्याच हिवाळ्यात ती गेली.

शाळा सुटली की माझा मुलगा हॉटेलात यायचा. मस्युंचा मान म्हणून त्यांच्यासमोर मी त्याच्याशी मोडक्या फ्रेंचमध्ये बोलायची. माझ्यावर ते चिडले ते एकदाच, यावरून.

"माझ्यासमोर तुझ्या भाषेत बोल."

"पण तुम्हाला कळणार नाही, मस्यु."

"म्हणूनच बोल."

मी मुलाला मराठीत विचारलं, "जेवलास का रे नीट?" त्यानं फ्रेंचमध्येच उत्तर दिलं. मस्यु खाली मान घालून तवा पुसत राहिले.

पुढे त्यांना मेंदूचा झटका आला. फ्रेंच सगळं पुसलं गेलं, ब्रेटन तेवढं राहिलं. नर्सला वाटलं, बरळतायत. पण ते मुलीकडे बघून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. मुलीनं माझा हात धरला. "तू रोज जवळ असायचीस त्यांच्या. काय म्हणतायत?"

मला पीठ, लोणी, तवा एवढेच शब्द येत होते. त्यातला एकही त्या वाक्यात नव्हता. "नाही गं कळत," मी म्हटलं. ते आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिले, मग डोळे मिटून घेतले. आठवड्याच्या आत गेले.

ते वाक्य मी घोकून ठेवलंय. भांडी घासताना म्हणते, तरी शेवटाकडून झिजत चाललंय अशी धास्ती वाटते. इथं त्यांच्या मुलखातले जे एक-दोन जण भेटले ते म्हणाले, आमच्या आजोबांना कळलं असतं. एक दिवस मी मस्युंच्या गावी जाईन. तिथं कुणी म्हातारं माणूस उरलं असेल, तर बाजूला कोण बसलंय ते न बघता त्याला म्हणून दाखवीन. आणि अर्थ त्यांच्या मुलीला आणून देईन. एवढं मी फेडीन, मस्यु.