पाटीवरची दाद

"लॅरिंजियल ट्युबरक्युलोसिस," डॉक्टर कपाळावरचा आरसा वर सरकवीत म्हणाले. म्हणजे घशात जिथे आवाज तयार होतो, तिथला क्षय. मी बावीस वर्षे सोलापुरात मराठी शिकवीत होतो. दोन महिने घसा बसलेला होता आणि मी त्याचे खापर खडूच्या धुळीवर फोडत होतो. तुमचा घसा पंधरा दिवसांत सुटला नाही, तर माझ्यासारखे काढे पीत बसू नका.

उपाय एकच, व्हॉइस रेस्ट, म्हणजे आवाजाला पूर्ण विश्रांती.

"सहा महिने एक शब्द नाही, मास्तर. कुजबुजही नाही, तिने घशाला जास्त ताण पडतो. जखमा भरल्या तर आवाज राहील."

न भरल्या तर काय, हे मी विचारले नाही. माझे पोट त्या आवाजावर होते.

दवाखान्याच्या ओसरीवर खाट मिळाली. ज्याच्या ओरडण्याने मुलांच्या हातातल्या पाट्या पडत, त्याच्या हातात आता पाटी आली. पत्नी रोज संध्याकाळी टांग्याने दूध घेऊन येई. तिला अक्षरे जोडून जोडून वाचावे लागे. मी रागाने लिहिलेले वाक्य ती वाचून संपवीपर्यंत माझा राग निघून गेलेला असे. एवढी वर्षे मी घरात किती ओरडलो, ते मला तिथे कळले आणि माझी मलाच लाज वाटली.

दर सोमवारी डॉक्टर घशात आरसा घालून पाहत आणि "बघू" म्हणत. असे चार महिने गेले.

पाचव्या महिन्यात त्यांनी आपला रेडिओ ओसरीवर आणून ठेवला आणि त्याची तार कडुलिंबाला बांधली. मुंबईहून आधी एका प्राध्यापकांचे व्याख्यान झाले, मग एका कवीने आपल्या कविता म्हटल्या. शेजारच्या खाटेवरचा गिरणीकामगार यल्लप्पा तोवर पेंगत होता. शेवटी एका बाईंचा यमन लागला.

बैठकीत बसून "वा" म्हटले नाही, असे माझे कधी झाले नव्हते. म्हणून पाटीवर मोठ्ठा "वा" लिहूनच ठेवला होता. पहिल्या समेला पाटी रेडिओसमोर धरली. यल्लप्पा हसला, पत्नीही तोंडाला पदर लावून हसली. रेडिओला बिचाऱ्याला वाचता येत नव्हते.

पुढे पुढे पाटी मांडीवरच राहिली. बाई निषादावर इतक्या थांबल्या की मी श्वास घ्यायचे विसरलो. मग त्या षड्जावर, नेमक्या समेवर आल्या.

"वा."

पत्नीने वळून दाराकडे पाहिले. कोण आले, ते पाहायला. आवाज जाडा होता, फाटका होता, परक्या माणसाचा होता.

"मास्तर, तुमी बोलला की," यल्लप्पा हळूच म्हणाला.

मी पाटी पुसली आणि लिहिले, "मीच." तिने ते वाचले आणि तिचे डोळे भरून आले.

सकाळी मी डॉक्टरांना पाटीवर गुन्हा लिहून दिला. त्यांनी बराच वेळ आरसा धरला.

"जखमा भरल्यात. पण व्होकल कॉर्डवर, म्हणजे स्वरतंतूवर व्रण राहिलाय. काल निघाला तोच आता तुमचा आवाज."

मी वाचलो होतो, तरी त्या दिवशी मी घरचे माणूस गेल्यासारखा रडलो. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, रडून घ्या, त्याने घशाला काही होत नाही.

वर्ग गेला. शाळेने मला पुस्तकांच्या कपाटांपाशी बसवले. डॉक्टरांचा मी ऋणी आहे आणि त्या न पाहिलेल्या गायिकेचाही.

घरी आल्यावर सुरुवातीला दिवसाला पाचच शब्द बोलायची परवानगी होती. मी "अगं" म्हणालो की पत्नी स्वयंपाकघरातून डोकावून बघे, कोणी परके आले की काय म्हणून. मला ते लागे. ती मुद्दाम करीत नव्हती.

मग एका संध्याकाळी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, मी बाहेरच्या ओट्यावरून हाक मारली, "अगं."

"आले, तव्यावर भाकरी आहे," ती आतूनच म्हणाली.

ती डोकावली नाही. उरलेले चार शब्द मला त्या दिवशी लागलेच नाहीत.