कुंकवाचं बोलावणं

संयुक्त महाराष्ट्र मिळाला, त्यानंतरची ती पहिली लोकसभेची निवडणूक. लालबागच्या आमच्या चाळीची सगळी मतं आणून देतो, असा शब्द आमच्या ह्यांनी चळवळीच्या पुढाऱ्यांना दिला होता. गिरणीत आणि चाळीत ह्यांची जी काही पत होती, ती आता त्या शब्दावर टांगलेली.

मागच्या खेपेला असा शब्द द्यावाच लागला नव्हता. मुंबईसकट महाराष्ट्र हवा म्हणून माणसं पेटलेली होती. शेजारच्या खोलीतल्या काकींचा नवरा गोळीबारात गेला होता. ह्यांनी काकींना प्रत्येक सभेत स्टेजवर पुढे बसवलं. त्या एक अक्षर बोलत नसत. बायका त्यांच्याकडे बघून रडायच्या आणि मतदानालाही त्यांच्याच मागून गेल्या.

या खेपेला बायका म्हणत, महाराष्ट्र झाला, आता नळाचं बोला. स्टेजवरून मात्र जुनीच आरोळी. सभा ओस पडायला लागल्या, तसं पुरुषांनी डोकं चालवलं. मतदानाच्या सकाळी दारोदार हळदीकुंकवाचं बोलावणं करून बायकांना खाली उतरवायचं.

"आणि काकी?" मी ह्यांना विचारलं.

"कुंकवाच्या बोलावण्यात त्या कशा गो? आणि त्यांका खंय बोलावणां लागता? त्या आपल्याच."

दुपार कलली तरी आमच्या मजल्यावरून एक बाई उतरेना. सगळ्या कुंकू लावून गॅलरीत उभ्या, आणि नजरा काकींच्या बंद दाराकडे. जिन्यात कार्यकर्ते सारखे घड्याळं बघत होते. शेवटी हेच जाऊन दार ठोठावू लागले.

"काकी, चला. वेळ होता."

दार उघडलं. धुतलेलं लुगडं नेसून काकी तयारच होत्या. सकाळपासून असाव्यात.

"स्टेजार बसवलंस तेवां माजां मोकळां कपाळ चाललां तुका," त्या म्हणाल्या. "आज माजां दार टाकून गेलंस रे?"

काकी जिना उतरल्या. त्यांच्यामागून अख्खा मजला उतरला, मीसुद्धा. ह्यांचा जीव भांड्यात पडला, मला मात्र ठाऊक होतं, ही रांग ह्यांच्या शब्दाखातर उतरली नव्हती.

आमचा माणूस सपाटून पडला. मागणी पुरी झाली, मुद्दाच संपला, असं पुढारी एकमेकांना सांगत होते. हे घरी येऊन भिंतीला टेकले.

"लोक उपकार विसारले," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "उपकार? गोळीबारात घोव कोणाचो गेल्लो?"